साका

१४ फेब्रुवारी

भाची सकाळच्या डेमूनं आली, दुपारच्या डेमूनं गेली आणि मधल्या वेळात माझ्या ओट्याखाली एक खोकं ठेवून गेली. खोक्यात काचेच्या बुचाच्या बारा बाटल्या, प्रत्येकी ३०० मिलिलिटरच्या. तीन तपकिरी शिश्या, एक थर्मामीटर आणि तिच्या हातचा कागद: ‘मावशी, हे वाचल्याशिवाय कशाला हात लावू नकोस.’ एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे! ब्युरेट मात्र माझी मीच पोटमाळ्यावरून काढली. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी शोभेची म्हणून दिली होती, पण खरी आहे.

भाचीचा एम.एस्सी.चा प्रकल्प भीमेच्या पाण्यावर. महिन्यातून दोनदा पारगावच्या पुलाजवळचं पाणी हवं, तेही उजाडताना. पुण्याहून एवढ्या पहाटे तिला पोचता येत नाही. केडगावात मावशी रिकामीच बसलेली आहे.

२० फेब्रुवारी

रिक्षावाल्याला काल सांगून ठेवलं होतं. चौफुल्यावरून पारगावला वळलो तेव्हा गुऱ्हाळांच्या चुलाण्यांचा धूर रस्त्यावर बसला होता. पुलाखाली उतरले. ६.४० झाले होते.

इथलं पाणी म्हणजे नेमकं कुणाचं पाणी, ते आधी लिहून ठेवते. भीमा भीमाशंकरहून येते. मुळा-मुठा तिला इथून वर, रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या अंगाला मिळते. पावसाळा सरला की भीमेचं वरचं पाणी चासकमान अडवतं, मुठेचं खडकवासला अडवतं. मग नदीच्या पात्रात जे उरतं त्यात पुण्यानं वापरून सोडलेल्या पाण्याचाच वाटा मोठा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तपासणीचं एक ठिकाण पारगावलाच आहे ते ह्यासाठी. संगमाच्या खाली.

बाटली पाण्यात आडवी धरायची, हळूहळू उभी करायची, बोटानं टिचक्या मारून काचेला चिकटलेले बुडबुडे उडवायचे. एक बुडबुडा राहिला तरी हवेतला प्राणवायू आत आला आणि मेहनत वाया. मग पहिल्या शिशीतलं मँगेनीज सल्फेट, दुसऱ्या शिशीतलं अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटची टोकं पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटीपालटी करायची आणि थांबायचं.

पाण्यात प्राणवायू असला तर मँगेनीज तो धरून ठेवतं आणि तपकिरी साका बसतो. नसला तर साका पांढराच राहतो. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन माणसानं १८८८ मध्ये काढलेली ही रीत. तीत आधी नुसतं बघायचं, मोजायचं नंतर, म्हणून मला ती फार आवडते.

साका बसला. पांढरा. फाटलेल्या दुधासारखा.

शेजारी एक भोईमामा जाळं आवरत होते. बराच वेळ बघून म्हणाले, “बाई, दूध घातलं व्हय त्यात?”

दुपारी तीनला पुन्हा गेले. भाचीच्या कागदात हे नव्हतं, पण मला राहवेना. तोच दगड, तेवढीच खोली. ह्या वेळी साका बसला तो चहाच्या चोथ्यासारखा गडद.

आता दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी आहेत. एका नदीच्या, एका जागेच्या, एका दिवसाच्या. बंधाऱ्यानं तुंबलेल्या ह्या हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर ऊन खाऊन प्राणवायू सोडतं, आणि रात्री तेच शेवाळ, तळचा मैला आणि जीवाणू मिळून तो सगळा ओढून घेतात. उजाडायच्या सुमाराला नदीचा जीव सगळ्यात खाली गेलेला असतो. मासे मरतात ते पहाटे. ऑफिसची माणसं नमुना घेतात ती उन्हं वर आल्यावर.

२१ फेब्रुवारी

अनुमापनाला बसले तर पिष्टाच्या शिशीत बुरशी. साबुदाणा उकळून त्याचं पाणी घेतलं, झकास चाललं.

आम्ल घातलं की तपकिरी साका विरघळतो आणि बाटली मधासारखी पिवळी होते. ते सुटलेलं आयोडीन. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग गवताच्या काडीइतका फिका झाला की पिष्ट घालायचं, सगळं शाईसारखं निळं होतं, आणि मग एका थेंबाला निळं जातं. तो थेंब पडतानाच कळतो. इतक्या वर्षांत हजारो पोरांना सांगितलं असेल, “घाई नको, एकच थेंब!” आणि प्रत्येक पोरानं दोन सोडले.

२०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं की गणित उरतच नाही. जितके मिलिलिटर पडले तितके लिटरमागे मिलिग्रॅम प्राणवायू. आंघोळीच्या पाण्यात तो निदान ५ असावा असा आपल्याकडचा नियम. ३० अंशाच्या गोड्या पाण्यात हवेतून मावून मावून साडेसातच्या आसपासच मावतो. म्हणजे नदीपाशी मुळात शिल्लकच थोडी.

दुपारची बाटली बरीच वर गेली. सकाळच्या बाटलीत आम्ल घातल्यावर पिवळंही धड झालं नाही.

भाचीला फोन केला. म्हणाली, “मावशी, सकाळचाच आकडा दे. दुपारचा दिलास तर नदी निरोगी आहे असं होईल.”

२ मार्च

शेजारच्या वहिनी वाटीत तूरडाळ घेऊन आल्या. “तुमच्या नळाच्या पाण्यात लावून बघते. आमच्या बोअरच्या पाण्यात सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक.”

ही आमच्याकडची प्रयोगशाळा. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्याला आतून पांढरं कडं धरतं. एवढ्यावर पाणी जड आहे हे ठरतं, आणि ते बरोबर असतं. खालचा कातळ बेसाल्ट. तो झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात सोडतो. उकळलं की कार्बोनेटचा साका भांड्याला बसतो. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. ही हद्द डाळीला मानकापेक्षा आधी कळत असावी.

पण सगळा दोष कातळाचा नाही. जड पाणी वेगळं आणि सवळ, म्हणजे खारवट, पाणी वेगळं, हे इथल्या बायका जिभेनं ओळखतात. सवळ झालं ते माणसांनी केलं. आमच्या भागाला मुठेचा उजवा कालवा, आणि शिवाय ज्याला सगळे ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात तो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं वापरलेलं पाणी उचलून ह्या जुन्या कालव्यात टाकतात आणि ते हवेली-दौंडच्या उसाला येतं. ऊस जोरात येतो, खोटं कशाला बोलू. त्या पाण्यात नत्र फुकटचं असतं. वर शेतकरी युरिया टाकतो तो टाकतोच, कारण पाण्यात आधीच किती आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उरलेलं नायट्रेट विहिरीत उतरतं. त्याची हद्द ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटला ना चव, ना वास, ना रंग. तिथं मात्र डाळीची प्रयोगशाळा हरते.

जमिनीचं तर डोळ्यांना दिसतं. जास्तीच्या पाण्यानं रानं चोपण झाली. उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरी खारी फुलते, अनवाणी चाललं तर टाचांना झोंबते.

पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये इथं मुक्तिसदन उभं केलं तेव्हा केडगाव म्हणजे रेल्वेच्या कडेचा कोरडा माळ. दुष्काळातून आणलेल्या मुलींची पहिली गरज पाणी, म्हणून विहिरी खोदल्या. हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी बाई विहिरीच्या खोदाईवरही उभी राहत असणार. त्या काळी इथं चिंता एकच: पाणी लागतं की नाही.

वहिनींची डाळ माझ्याकडे चार शिट्ट्यांत शिजली.

११ मार्च

भोईमामांना आज त्यांच्याच नदीतल्या माशांची लॅटिन नावं वाचून दाखवली. कार्यक्रम तासभर चालला.

कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा माणूस. १८२४ ते १८३१ मुंबई इलाख्याचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. दख्खनभर घोड्यावर फिरून माणसं, गावं, पिकं, पाऊस, पक्षी सगळं मोजत गेला. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यानं दख्खनच्या माशांवर निबंध ठेवला. त्यात ४६ जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींची शास्त्रीय नावं त्यानं सरळ मराठीतून उचलली. कोळ्यानं जे सांगितलं ते, जसं कानावर पडलं तसं. कोलुस. खुद्री. बोगट. मुल्या. सींगटी. गोगरा. टाकरी. नुकटा. पोटैल.

मी वाचत गेले, मामा दुरुस्त करत गेले. “सींगटी न्हाई, शिंगटी.” “मुल्या नसंल, मळ्या आसंल. दगडाला चिकटून ऱ्हातो त्यो.” नुकट्याला ते थबकले. त्याच्या थोबाडावर पुढं आलेला एक उंचवटा असतो आणि त्याखाली खाच, त्यामुळं नाक कापल्यासारखं दिसतं. मामा हसले. “नकटा! आजा सांगायचा. म्या नाय बघितला.” जगात कुठंही ह्या माशावर निबंध लिहायचा तर ‘शिस्मॅटोऱ्हिंकॉस नुकटा’ असंच लिहावं लागतं. आता तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

पोटैल म्हणजे पाटीलच असावा असा माझा कयास. गावात पाटील तसा डोहात हा, पोट सुटलेला. मामांना तो पटला नाही. “पाटील कशाला जाळ्यात येतोय?”

साईक्सनं काही माशांचं ठिकाण ‘बीमा नदी, पैरगाव’ असं दिलंय. आधी मला आनंद झाला: पारगाव! पण जुन्या इंग्रजी पुस्तकांत बहादूरगडाच्या पेडगावाचं नाव असंच काहीसं उमटतं, तेव्हा हे पेडगावच. दौंडच्या पलीकडचं, श्रीगोंद्याच्या हद्दीतलं. आमचं पारगाव हुकलं. मासे तेव्हा दोन्हीकडे तेच पोहत असतील, एवढंच समाधान.

आज मामांच्या पाटीत काय होतं? चिलापी, चिलापी, एक वाम, पुन्हा चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेतली. पाणी घाण झालं, प्राणवायू उतरला तरी टिकते, आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून वाढते. पाटीच्या तळाशी एक काळा, खरखरीत, चिलखत घातल्यासारखा मासा: सकर. कुणीतरी काचेच्या टाकीतून नदीत सोडलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याला कुणी विकत घेत नाही, आणि जाळं फाडतो ते वेगळंच. मामांनी तो शेपटीला धरून काठावर फेकला. त्याला त्यांनी नाव दिलेलं नाही, ‘ते’ म्हणतात.

१७ मार्च

कालव्याला आवर्तन सुटलं. पाटकऱ्याचा फोन लागत नाही, म्हणजे सगळ्यांचेच फोन त्याला चालू आहेत. नमुना घेतला. साका पांढरा.

२४ मार्च

टाकळी हाजीला गेलो होतो, मळगंगेला. जाऊबाईंचा नवस, माझं कुकडीचं पात्र बघणं.

नदीच्या अलीकडे शिरूर तालुक्याची टाकळी, पलीकडे पारनेरचं निघोज, आणि मध्ये रांजणखळगे. काळ्या कातळात रांजण पुरून ठेवावेत तशी शेकडो भोकं. पुराच्या भोवऱ्यात एखादा धोंडा कातळातल्या खाचेत अडकतो आणि गरगर फिरत राहतो. खाच खोल होते, धोंडा झिजून गोटा होतो, गोट्याची वाळू होते, नवा धोंडा येतो. मी एका कोरड्या रांजणात हात घातला. आतली भिंत तुपाचा हात फिरवल्यासारखी गुळगुळीत, आणि तळाशी तीन गोटे. पुढच्या पुरापर्यंत त्यांना सुट्टी.

हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्टचे प्रकार म्हणतात, पण आमच्याकडच्या विहीर खोदणाऱ्यांची नावं मला जास्त उपयोगी वाटतात. काळा पाषाण लागला की पाणी नाही आणि सुरुंगाचा खर्च. मांजऱ्या लागला, म्हणजे बुडबुड्यांची भोकं असलेला मऊ कातळ, की पाझराची आशा. दोन थरांच्या मध्ये लाल गेरूची पट्टी लागली की मालक हातातला विडा थांबवून वाकून बघतो. भूजलाची सगळी विद्या ह्या तीन शब्दांत आली, असं नाही म्हणत मी. पण विहिरीच्या काठावर उभं राहायला तेवढी पुरते.

इथून वर, ह्याच कुकडीच्या काठी जुन्नर तालुक्यातलं बोरी. तिथं नदीच्या गाळात राखेचा थर सापडला. ज्वालामुखीची राख, आणि तिच्या आगेमागे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. राखेचं वय काढता येतं, मग हत्यारांचंही निघेल. १९८९ मध्ये सुमारे १४ लाख वर्षं हा आकडा छापून आला. भारतात माणूस इतका जुना! पुढे दुसऱ्या मोजणीत ६ लाख ७० हजार निघाले. आणखी काही जणांनी राखेचं रसायन ताडून सांगितलं, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची. मुठीत मावेल एवढ्या राखेला तीन वयं. प्रत्येक गट जाणत्यांचा, प्रत्येकाचं यंत्र चोख. राख उडून आल्यावर जागीच राहिली, की नदीनं कुठून तरी उकरून पुन्हा आणून टाकली, खरा वाद त्यावरून.

जाऊबाई म्हणाल्या, “एवढं भोकात काय बघताय? देवीला चला.”

८ एप्रिल

इनामगाव. न्हावऱ्यावरून गेलो. बघायला काही नाही असं सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि खरोखर शेतातल्या मातीच्या टेकाडाखेरीज काही नाही. मी अर्धा तास तिथं उन्हात उभी राहिले.

इथं घोड नदीच्या काठी इ.स.पू. १६०० ते ७०० ह्या काळात गाव होतं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ह्यांनी १९६८ पासून पंधराएक वर्षं खणून ते गाव वर काढलं. बार्लीची शेती, चौकोनी घरं, पाटलाचं पाच खोल्यांचं घर. एका माणसाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेलं. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट, पुराचं पाणी वळवून शेताकडे नेणारा पाट आणि त्याला बांध. आमच्या पाटकऱ्याचा पूर्वज तीन हजार वर्षांमागे इथं फावडं घेऊन उभा होता, आणि पाण्याच्या बारीवरून भांडण तेव्हाही झालं असणार.

इ.स.पू. १००० च्या सुमारापासून पाऊस उणावत गेला असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. कशावरून? आकडे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. धान्य घटलं, शिकारीची हाडं वाढली. शेवटी माणसं गाव सोडून गेली. दुष्काळाची नोंद चुलीत आणि उकिरड्यात राहिली, ती वाचायला डेक्कन कॉलेजला खुरपं घ्यावं लागलं.

आमच्या दौंड तालुक्यातल्या वाळकीलाही त्याच लोकांची वस्ती मिळाली, आणि तिथं बैलाच्या हाडाचा नांगराचा फाळ. लोखंड अजून आलेलं नव्हतं. काळ्या मातीत हाडाचा फाळ घालणारा माणूस डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही, ऊन फार होतं.

परतताना शिरूरच्या बाजूला नदीपात्रातून वाळूचे डंपर चढताना दिसले. पात्रातली वाळू म्हणजे नदीचं गाळणं, आणि काठच्या विहिरींची तहान भागवणारा ओला कापूस. भीमेत तर फायबरच्या बोटींवर पंप लावून तळ ओढतात. कधीमधी तहसीलची गाडी येते, बोटी जिलेटिननं उडवते, पेपरात फोटो येतो. बोटी पुन्हा येतात. वाळू तयार होण्याचा वेग मी परवा रांजणात पाहिला.

२ मे

ऊन ४० च्या वर. पुलाखाली वास असा की ओढणी नाकाला. जलपर्णीनं पात्र ह्या काठापासून त्या काठापर्यंत मुजवलंय. जांभळी फुलं आली आहेत आणि दुर्दैवानं सुंदर दिसतात.

जलपर्णीखाली ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळाचा दुपारचा प्राणवायूही गेला. दुपारी मुद्दाम पुन्हा बाटली भरली: पांढरा साका, भर दुपारी. फेब्रुवारीतला सकाळ-दुपारचा फरक आता राहिला नाही.

काठीनं तळचा चिखल उकरला. काळा, वंगणासारखा, आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या, शिवणकामाच्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. कायरोनोमस माशीच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं इतरांचा श्वास कोंडतो तिथं त्या मजेत राहतात. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगड उलटला की तीन शेपट्यांची, कडेला कल्ले हलवणारी अळी मिळते, तिला इथला प्राणवायू एक दिवसही पुरणार नाही. कुठली अळी आहे एवढं बघितलं तरी नदीचा महिन्या-दोन महिन्यांचा हिशोब कळतो. बाटलीत फक्त त्या मिनिटाचा.

शेकाट्यांची मात्र चंगळ. लांब गुलाबी पाय टाकत ह्याच चिखलात चरत होते. पक्षी दिसले म्हणजे नदी चांगली, असं पर्यटनाच्या कागदावर लिहिणाऱ्यांनी एकदा शेकाट्याचा आहार बघावा.

पेपरात उजनी ‘वजा’ झाल्याची बातमी. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, धरण वजा कसं होईल? एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला तळचा ६३ हून थोडा जास्त साठा मृत, म्हणजे दारांच्या खालचा. शून्य टक्के तिथून मोजतात. ‘वजा ३० टक्के’ म्हणजे अजून सत्तेचाळीसेक टीएमसी पाणी आहे, फक्त हिशोबाच्या वहीत नाही. मृत म्हणायचं आणि सोलापूरला तेच प्यायला द्यायचं. पारगावची ही काळी नदी जाऊन पडते ती त्याच उजनीत. पाणी मागे हटलं की भिगवणकडे उघड्या पडलेल्या मळईवर लोक गाळपेर करतात. गाळ उत्तम आहे म्हणतात. असणारच, त्यात अख्ख्या पुण्याची मशागत आहे.

१९ मे

भाचीचा फोन, आवाज रडवेला. तिनं तीन नमुने बीओडीसाठी एका खाजगी प्रयोगशाळेत दिले होते. अहवाल आला: ‘पाणी पिण्यास अयोग्य.’ आकडे विचारले तर म्हणाले, आकडे हवे असतील तर वेगळी फी. वर कळलं की नमुने दोन दिवस बाहेरच होते, फ्रिज बंद होता.

बीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीची भूक. बाटली २७ अंशाला तीन दिवस अंधारात ठेवायची आणि आतल्या जीवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते बघायचं. आंघोळीच्या पाण्याला ३ पर्यंत चालतो. दोन दिवस उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या बाटलीत जीवाणू आधीच जेवून बसलेले असतात. मग आकडा कमी येतो. म्हणजे निष्काळजीपणानं नदी कागदावर स्वच्छ होते. चूक आणि तीही शहराच्या सोयीची.

तिला म्हटलं, रडू नको, माझी वही आहे. प्राणवायूच्या प्रत्येक आकड्यापुढे वेळ, पाण्याचं तापमान, ऊन की ढग, जलपर्णी किती, बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) आहेत की काढले, हे लिहिलेलं आहे. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, “मावशी, आमच्या तक्त्यात वेळेचा रकानाच नाही.”

ह्यावर माझं तिच्याशी चांगलंच वाजलं. आकडे कमी आहेत असं नाही. कितीतरी वर्षं मंडळं, कॉलेजं, विद्यार्थी ह्या पुलावरून बाटल्या भरून नेताहेत. पण भोईमामांना, उसाला पाणी धरणाऱ्याला, डाळ घेऊन आलेल्या वहिनींना एकही आकडा कधी परत मिळालेला नाही. पाणी इथलं, उत्तर पुण्याला.

संध्याकाळी वहिनींच्या बोअरचं पाणी नायट्रेटच्या पट्टीनं तपासलं. पट्टी त्यांच्याच हातात दिली, रंग डबीवरच्या रंगाशी त्यांनीच लावला. बराच वेळ दोन्ही रंग उजेडात धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, “नातवाला आजपासून फिल्टरचं.”

२२ जून

तीन दिवस घाटमाथ्यावर पाऊस आहे, इथं नुसतं आभाळ. पण काल रात्री भोईमामांचा निरोप आला, “बाई, नदी आली.”

बर्गे गेल्या आठवड्यात काढले होते. पुलावरून बघितलं तर जलपर्णीचे अख्खे गालिचे सुटून, फुलांसकट, गोल गोल फिरत उजनीकडे निघालेले. पाणी लाल, जाड, आणि त्याला मातीचा वास. पहिलं पाणी तसं काही शुद्ध नसतं, तळचा काळा चिखल तेच उकरतं, आणि त्यात मासे मरतात. काठाला चिलाप्या पांढऱ्या पोटांनी पडल्या होत्या. सकर एकही नाही.

मामांनी माझं मनगट धरलं आणि मी वाकून बाटली भरली. ६.४०. दोन्ही औषधं घातली, बूच लावलं, उलटीपालटी केली. काही कळेना. पाणीच तपकिरी, साका कुठला आणि गाळ कुठला? घरी आणून ओट्यावर ठेवली. तासाभरानं आम्ल घातलं. जो साका होता तो विरघळला आणि बाटली वरून पिवळी झाली. फेब्रुवारीपासून पहाटेची बाटली पहिल्यांदाच पिवळी. खाली गाळ तसाच राहिला, आम्लाला न बधता.

भाचीला आकडा कळवला. विचारलं, गाळाचं काय लिहू? म्हणाली, गाळाला रकाना नाही.

समासात लिहून ठेवलं: तळाशी गाळ, नखाच्या जाडीएवढा, तांबूस, बोटात चोळला तर मऊ, एकदोन कण चमकणारे. वर कुठंतरी घाटात जोराचा पाऊस.